इंजिनखाली तेलाचा डाग, पण गळतंय कुठून?

प्रश्न : माझी स्प्लेंडर प्लस आहे, 2011 चं मॉडेल. रोज विटा ते सांगली जाणं-येणं. गेले काही महिने इंजिनमधून तेल गळतंय, सकाळी गाडी बाहेर काढली की फरशीवर डाव्या बाजूला रुपयाएवढा डाग असतो आणि डाव्या बुटालाही तेल लागतं. मेकॅनिकनं आधी चैन स्पॉकेटजवळचं ऑइल सील बदललं, मग मॅग्नेट कव्हरचं पॅकिंग बदललं, मग ड्रेन बोल्टचा वायसर, तरी गळती तशीच. आता म्हणतोय की हाफ इंजिन (हेड-ब्लॉक उघडून पिस्टन-रिंगांचं काम) करून टाकू. गाडी धूर मारत नाही, पिकअप चांगला आहे. इंजिन खोलू का? – एक वाचक, विटा

उत्तर : नका खोलू, निदान एवढ्यात तरी नको. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून आत्तापर्यंत तीन पार्ट बदलले गेले पण तेल नेमकं कुठून येतंय हे कोणी डोळ्यांनी बघितलेलं दिसत नाही, आणि गळतीच्या कामात तेच पहिलं काम आहे, बाकी सगळं त्यानंतर.

सगळ्यात आधी तो फरशीवरचा डाग विसरा. तेल जिथून बाहेर येतं तिथून खाली पडत नाही, ते फिन्सवरून (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांवरून), केसिंगच्या कडेनं ओघळत जातं, गाडी चालू असताना समोरचा वारा त्याला मागं ढकलतो, आणि शेवटी सगळ्यात खालचा कोपरा सापडला की तिथून थेंब पडतो. त्यात तुम्ही गाडी साईड स्टँडला लावत असणार, म्हणजे गाडी डावीकडे कललेली, मग उजव्या बाजूचं तेलसुद्धा पोटाखालून फिरून डावीकडेच टपकणार. त्यामुळे डाग डावीकडे आहे म्हणून बिघाड डावीकडे, असं अजिबात नाही.

आता करायचं काय ते सांगतो. इंजिन पूर्ण थंड असू दे, गरम सायलेन्सरवर डिझेल किंवा रॉकेल उडालं तर पेट घेऊ शकतं हे लक्षात ठेवा. पुढच्या स्पॉकेटचं कव्हर काढा, त्याच्या आत चैनचं वंगण आणि धूळ मिळून काळा लगदा बसलेला असतो तो पात्यानं खरवडून काढा. अनेकदा हाच लगदा उन्हात नाहीतर इंजिनच्या गरमीनं पातळ होऊन टपकतो आणि माणसाला वाटतं इंजिनच गळतंय. मग डिझेल आणि ब्रश घेऊन आख्खं इंजिन धुवा, फिन्समध्ये जुना टूथब्रश घाला, खाली झोपून पोटाची बाजू पण करा, कारण तिथंच कोणी करत नाही. मागच्या ब्रेकवर आणि टायरवर डिझेल जाऊ देऊ नका. शेवटी साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात खडखडीत वाळवा.

वाळल्यावर लगेच चालवू नका. पहिली टेस्ट गाडी बंद ठेवूनच करायची. खाली स्वच्छ पुठ्ठा टाकून गाडी रात्रभर तशीच साईड स्टँडला उभी ठेवा, किक मारायची नाही. सकाळी इंजिनवर तेलाचा ओलावा आला किंवा पुठ्ठ्यावर डाग पडला तर गळती आतल्या तेलाच्या पातळीखालची आहे, म्हणजे ड्रेन बोल्ट, गिअर लिव्हरच्या दांड्याचं सील, खालच्या बाजूचे जोड, असं काहीतरी. आणि पुठ्ठा कोरडा राहिला तर तेल फक्त इंजिन फिरताना बाहेर येतंय, म्हणजे वरच्या बाजूनं किंवा आतल्या प्रेशरनं. या एका रात्रीत निम्म्या शंका निकालात निघतात, आणि खर्च काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी साधी टाल्कम पावडर घ्या आणि ज्या ज्या जोडांवर शंका आहे तिथं हलकीशी भुरभुरा, हेडच्या कव्हरभोवती, ब्लॉकच्या वर आणि खालच्या पॅकिंगच्या रेषेवर, टॅपेटच्या (व्हॉल्व्हची फट जिथं जुळवतात त्या) टोप्यांभोवती, मॅग्नेट आणि क्लच कव्हरच्या कडेला. मग पाच-सहा किलोमीटर आरामात फिरून या, मेन स्टँडला लावा, मोबाईलचा टॉर्च आणि एक छोटा आरसा घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीत तेलाची ओली काळपट रेघ उमटलेली दिसेल. त्या रेघेचं खालचं टोक बघायचं नाही, वरचं आणि पुढचं टोक शोधायचं, कारण तेल तिथूनच सुरू झालेलं असतं. काहीच दिसलं नाही तर पुन्हा फिरा, या वेळी जरा लांब आणि तुम्ही रोज पळवता त्या स्पीडला, काही गळत्या इंजिन चांगलं तापल्याशिवाय तोंडच उघडत नाहीत. शोरूममध्ये काही ठिकाणी तेलात चमकणारा रंग टाकून जांभळ्या लाईटखाली बघतात, तो प्रकारही चांगलाय, पण घरच्या घरी पावडर पुरते.

तुमच्या गाडीत मला सगळ्यात जास्त संशय कशावर आहे तेही सांगून ठेवतो. स्प्लेंडरचं सिलिंडर जवळजवळ आडवं असतं, हेड पुढं तोंड करून. त्या हेडला टॅपेट सेट करण्यासाठी दोन गोल टोप्या असतात, एक वर इनटेकची आणि एक खाली एक्झॉस्टची. दर सर्व्हिसिंगला टॅपेट बघताना या टोप्या उघडतात, पण आतली ओ-रिंग मात्र तीच परत बसते. वर्षानुवर्षं गरमी खाऊन ती रिंग चपटी आणि कडक होते, बाहेर काढून चिमटीत दाबली तर रबरासारखी दबत नाही, कडक प्लास्टिकसारखी मोडते. खालच्या टोपीतून तेल पाझरलं की ते हेडच्या खालच्या अंगाला येतं, समोरून चाकाची हवा असतेच, ती त्याला इंजिनच्या पोटावरून सरळ मागं नेते, ड्रेन बोल्टपर्यंत, फूटरेस्टपर्यंत. बघणाऱ्याला ड्रेन बोल्ट ओला दिसतो, वायसर बदलला जातो, दोन दिवसांनी परत ओला. हे फार वेळा होतं. ओ-रिंग अगदी किरकोळ किमतीला मिळते, दोन्ही टोप्यांच्या बदला, बसवताना बोटानं थोडं इंजिन ऑइल लावा. आणि टोपी गळते म्हणून पान्यानं जोर लावून आवळू नका, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर मग लेथवाल्याकडे जावं लागेल आणि पाच मिनिटांचं काम दोन दिवसांवर जाईल. हेडच्या नटांकडेही बघा, तिथं तांब्याचा वायसर असतो, कोणी हेड उघडून तो वायसर जागा चुकवून बसवला असेल तर नटाच्या बुडातून तेल वर येतं.

रेघ कुठंच एका जागी सापडली नाही, सगळीकडूनच थोडं थोडं पाझरतंय असं दिसलं, तर मग पॅकिंगमागे लागू नका, ब्रीदर बघा. पिस्टन वरखाली होतो तेव्हा केसिंगमधली हवा दाबली जाते, शिवाय रिंगांच्या फटीतून थोडा गॅस खाली येतोच, ती हवा बाहेर जायला रबरी पाईप असतो. तो पाईप मुरगळला, आत चिखल बसला, किंवा गाडी बरेच दिवस उभी असताना कुंभारीण माशीनं त्यात मातीचं घर केलं, की आतलं प्रेशर जिथून वाट मिळेल तिथून तेल ढकलतं. मग तुम्ही एक सील बदलाल तर दुसरं ओलं होईल. पाईप काढून तोंडानं फुंकून बघा, हवा मोकळी गेली पाहिजे.

तेलाची पातळी पण याच वेळी बघा. स्प्लेंडरची ऑइलची काडी पुसून नुसती टेकवून बघायची, आटे फिरवून आत घालायची नाही, गाडी मेन स्टँडला सरळ उभी पाहिजे. बऱ्याच ठिकाणी डबा 1 लिटरचा म्हणून आख्खा ओततात, पण जुनं तेल काढलं तरी थोडं आत राहतंच, म्हणून गाडीच्या पुस्तकात तेल बदलतानाचा आकडा वेगळा दिलेला असतो, तेवढंच टाका. आणि काडीला पेट्रोलचा वास येतोय का बघा. कार्बोरेटरची फ्लोटची सुई (आत येणारं पेट्रोल अडवणारी) नीट बसत नसेल आणि रात्री पेट्रोलचा कॉक चालू राहत असेल तर पेट्रोल हळूहळू इंजिनमध्ये उतरतं, तेल पातळ होतं, पातळी वर चढते, आणि आजवर कधी न गळलेले जोड गळायला लागतात. असं असेल तर ती गाडी चालवूच नका, आधी सुई बदला, तेल बदला, मग बाकीचं.

स्पॉकेटचं नवीन सील बसवूनही तिथूनच रेघ सुरू होतेय असं दिसलं तरच परत तिकडं वळा. सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये, ते जुन्याशी जुळवून बघा. स्प्रिंगची बाजू तेलाकडे म्हणजे आत पाहिजे. स्क्रू ड्रायव्हरनं ठोकून तिरकं बसवलेलं सील पहिल्या दिवसापासून गळतं. शाफ्टवर नख फिरवून बघा, खाच लागली तर सील कितीही नवं असो टिकणार नाही. आणि चैन अति ताणून ठेवत असाल तर त्यानं शाफ्टचं बेअरिंग ढिलं होतं, शाफ्ट हलतो, सील परत जातं.

हाफ इंजिनचा विषय तेव्हाच काढायचा जेव्हा निळसर धूर येतो, तेल कमी होतं पण बाहेर कुठं दिसत नाही, चालू इंजिनची ऑइल कॅप ढिली केली की आतून भकाभका धूर आणि हवा येते. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. तुमचा मेकॅनिक मुद्दाम काही करतोय असं मी म्हणणार नाही, गॅरेजमध्ये गाड्यांची रांग असते आणि धुऊन वाळवून रात्रभर बघत बसायला वेळ कोणाला असतो, म्हणून हे काम मालकानंच घरी करायचं आणि रेघेचा फोटो काढून त्याला दाखवायचा.

प्रश्न : वडिलांची जुनी कास्ट आयर्न 350 बुलेट आहे. दापोलीला घरी पावसाळाभर बंद होती. आता चालू केली तर काडीवर तेल एकदम कमी दिसलं, म्हणून वरून टाकलं, आणि स्टार्ट केल्यावर ब्रीदरच्या नळीतून तेलाची धारच लागली. सगळे म्हणतात बुलेट आहे, गळणारच. – एक वाचक, दापोली

उत्तर : गळणारच, हे मला मान्य नाही. आणि तुमच्या गाडीचं तेल बहुतेक कुठं गेलेलंच नव्हतं. या इंजिनात तेलाची टाकी केसिंगमध्येच, क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या भागात असते आणि एक पंप तेल पुढं देतो, दुसरा परत टाकीत आणतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पुढं देणाऱ्या पंपाच्या झिजेतून तेल हळूहळू क्रँकच्या खोलीत उतरतं. टाकी रिकामी दिसते, आपण वरून भरतो, आणि स्टार्ट केल्यावर क्रँक ते साठलेलं सगळं तेल ब्रीदरमधून बाहेर फेकतो. पुढच्या वेळी बरेच दिवस उभी असलेली गाडी चालू करण्याआधी खालच्या दोन ड्रेन प्लगपैकी क्रँकच्या बाजूचा उघडून साठलेलं तेल काढा, तेवढंच टाकीत भरा. तेलाची पातळी गाडी काही मिनिटं चालवून बंद केल्यावरच बघायची, थंड गाडीत नाही. आठवडाभर उभी राहूनही असंच होत असेल तर पंप झिजलाय, तो बदला.

तेल चहासारखं दुधाळ झालं असेल तर कोकणातल्या दमट हवेचं पाणी त्यात मिसळलंय, ते तेल ठेवू नका. आणि डावीकडच्या प्रायमरी चैनच्या, म्हणजे इंजिनपासून क्लचपर्यंतच्या चैनच्या, कव्हरमधून थेंब येत असतील तर ते कव्हर मधल्या एकाच नटावर बसलेलं असतं, नट जास्त आवळला की कव्हर वाकतं आणि कड उचलली जाते. रबराची रिंग नवीन टाका, नट बेतानं लावा.

प्रश्न : गळतीवर मित्र म्हणतो जाड तेल टाक, दुकानदार म्हणतो गळती थांबवणारं औषध टाक, गॅरेजवाला म्हणतो बाहेरून सिलिकॉन लावून देतो. बाईक 150 सीसी आहे. कोणाचं ऐकू? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : तिघांचंही नको. कंपनीनं 10डब्ल्यू30 सांगितलं असेल तर त्याहून जाड 20डब्ल्यू50 टाकून थंड इंजिनात तेल वर पोचायला उशीर होतो आणि सुकलेलं सील सुकलेलंच राहतं. औषधाचं म्हणाल तर आपल्या बाईकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, त्यात भलतं काही मिसळलं तर क्लच घसरायला लागू शकतो, म्हणून तर बाईकसाठी डब्यावर जासो एमए लिहिलेलं तेल घ्यायला सांगतात. सिलिकॉन बाहेरून लावून तेलाचं प्रेशर थांबत नाही, आणि आतून जास्त लावलं तर बाहेर आलेल्या वळकट्या तुटून तेलाच्या जाळीत जाऊन बसतात, जाळी बंद झाली की हेडला तेल मिळत नाही. कव्हर उघडायचं असेल तर जुनं पॅकिंग ब्लेडनं पूर्ण खरवडा, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा येऊ देऊ नका, नवीन कंपनीचं पॅकिंग टाका, बोल्ट एकदम एका बाजूनं न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्या. 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतं, म्हणजे लहान पान्यावर हाताचा बेताचा जोर.

दुरुस्ती होईपर्यंत दर दोन दिवसांनी तेल बघत चला आणि मागचा टायर रोज हात फिरवून तपासा. टायरला तेल लागलेलं दिसलं तर ती गाडी कसारा घाटात तर सोडाच, कॉलेजलाही नेऊ नका.