ग्रानादाच्या शाळेत मराठी

ताई, सात वर्षांच्या मुलीला घेऊन स्पेनमध्ये ग्रानादाला येताय आणि शाळेत भाषेचं कसं होईल, असं विचारलंत. व्हिसाचं सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, ते सांगत बसत नाही.

डोकेदुखी खरी नावाची. फॉर्मवर आडनावाचे दोन रकाने: एक वडिलांकडचं, एक आईकडचं. आपलं मधलं नाव कुठे घालायचं ते प्रत्येक कारकून आपापल्या मनाने ठरवतो. माझ्या लेकीचं रहिवासाच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या यादीत दुसरं. निस्तरता निस्तरता जीव मेटाकुटीला आला. पासपोर्टबरहुकूम लिहून घ्या आणि खिडकी सोडायच्या आत वाचून बघा.

शाळेतली एक गोष्ट मात्र अजून सलते. शाळा सुटल्यावर लेक फाटकातच मला दिवसभराचं घडाघडा सांगत होती. बाई हसत म्हणाल्या, ‘के अल्गाराबिया!’ म्हणजे, काय हा कलकलाट! घरी येऊन शब्दकोश उघडला. शब्द आलाय अरबी ‘अल्-अरबिय्या’वरून, आणि त्याचा मूळ अर्थ अरबी भाषा, बस्स. याच शहराची भाषा ती! १४९२ मध्ये ग्रानादा मुस्लिम सुलतानाकडून स्पेनच्या कॅथलिक राजा-राणीच्या हाती गेलं. १५६७ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचं फर्मान निघालं: तीन वर्षांत कास्तिलियन, म्हणजे आजची स्पॅनिश, शिका, मग अरबी बोलणं-लिहिणं बंद. पुढच्याच वर्षी मोरिस्कोंनी, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या इथल्या मुसलमानांनी, बंड केलं, ते चिरडलं गेलं. त्यांच्या भाषेचं नाव स्पॅनिशमध्ये उरलं ते आधी न कळणारं बोलणं आणि मग नुसता गोंगाट म्हणून. आपणही दाक्षिणात्य भाषांना यंडुगुंडू म्हणतोच की. आमच्या घरात आता ‘यंडुगुंडू’ कुणी म्हटलेलं मला खपत नाही.

बाईंच्या मनात वाईट नव्हतं. पण तेव्हापासून शाळेचा रस्ता संपेपर्यंत लेक माझ्याशी स्पॅनिशच बोलते. आणि मी? बसमध्ये आईचा फोन आला की अजून आवाज बारीक करते. याचा मला राग येतो, आणि तो कुणावर काढावा कळत नाही.

एकटं वाटतं का, म्हणालात. वाटतं, कामाला लागलं की कमी होतं.

स्पॅनिश तुमची मुलगी मैदानात खेळताखेळता उचलेल. मराठीकडे लक्ष द्या. फाटकातही तिच्याशी मराठीतच बोला, नेहमीच्या आवाजात. कुणी काही म्हटलंच तर तिच्यादेखत सांगा, ‘एस माराती.’ ही मराठी आहे.