ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपचा ३.४२ एक्सल बदलून ४.१० करावा का?

तुम्ही लिहिलंय की पेट्रोल पिकअपला चार गिअरांचा ऑटोमॅटिक आहे, मागचा एक्सल ३.४२ चा आहे, कंपनीचे ३१ इंची टायर काढून ३३ इंची घातलेत आणि जवळपास ३ टनांचा ट्रेलर नियमित ओढायचा असतो. सपाटीला गाडी बरी चालते, पण चढ लागला की गिअर सारखा वर-खाली होतो आणि गिअरबॉक्सचं तापमान चढत जातं. ४.१० टाकून फरक पडेल का?

पडेल. डिफरन्शियलची (एक्सलमधल्या गिअरच्या पेटीची) कामं मी बरीच वर्षं करतोय आणि तुमच्या बाबतीत ३.७३ वर न थांबता सरळ ४.१० टाका असंच सांगेन. पण फरक नेमका कुठे जाणवेल हे आधी समजून घ्या. हे काम महाग आहे आणि अर्धवट माहितीवर केलं तर पुन्हा करावं लागतं.

३.४२ म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे येणारा प्रॉपेलर शाफ्ट ३.४२ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. एक्सलमधल्या मोठ्या गिअरला, म्हणजे क्राउनला, ४१ दात आणि त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरला, म्हणजे पिनियनला, १२. त्यांचा हा भागाकार, म्हणजेच रेशो. ४.१० मध्ये क्राउन ४१ दातांचंच असतं, पिनियन मात्र १० दातांचं. पिनियनचे दोन दात कमी झाले की त्याच गिअरमध्ये चाकावर पोचणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, आणि त्याच वेगाला इंजिनही तितकंच जास्त फिरतं. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

आता टायरचं बघा, कारण तुमच्या त्रासाची सुरुवात बहुधा तिथेच झाली. चाक मोठं झालं की रेशो आपोआप हलका पडतो. ३.४२ ला ३१ ने गुणा आणि ३३ ने भागा, उत्तर येतं ३.२१. म्हणजे आज तुमची गाडी ३.२१ च्या एक्सलवर ओढतेय. ३.७३ टाकलंत तर हाच हिशेब ३.५० येतो. कंपनीतून गाडी आली तेव्हा जे होतं, त्याच्या जेमतेम पुढे. एवढ्यासाठी डिफरन्शियल उघडू नये. ४.१० चा हिशेब ३.८५ येतो, आणि तो फरक ट्रेलर जोडल्यावर पहिल्याच चढाला कळतो.

ताशी ९० किलोमीटरला ३३ इंची चाक मिनिटाला साधारण ५७० वेळा फिरतं. तुमच्यासारख्या चार गिअरांच्या बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये पहिला ३.०६, दुसरा १.६३, तिसरा १.०० आणि चौथा ०.७० असतो. तुमच्या बॉक्सचे आकडे थोडे वेगळे असतील तर तेवढे बदलून घ्या. ३.४२ वर चौथ्यात इंजिन १३६४ आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) येतं, तिसऱ्यात १९४८ वर, दुसऱ्यात ३१७६ वर. तिसरा आणि दुसरा यांच्यातली दरी बघा. मध्यम चढावर १९४८ ला इंजिन दमतं, म्हणून बॉक्स दुसरा टाकतो. दुसऱ्यात वेग जरा वाढला की पुन्हा तिसरा. प्रत्येक बदलात टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचं) लॉक सुटतं, आणि ते सुटलेलं असताना आतलं तेल घुसळून तापतं. तुमच्या गिअरबॉक्सची उष्णता येते ती इथून.

४.१० वर तिसऱ्यात २३३६ आरपीएम मिळतात. बहुतेक मोठ्या पेट्रोल इंजिनांना या पट्ट्यात दम असतो, त्यामुळे तो मध्यम चढ तिसऱ्यातच, लॉक न सुटता निघतो. शिवाय चाकाला तेवढाच टॉर्क देताना प्रॉपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्सवर येणारा ताण कमी होतो. ट्रेलर मागे घेताना, चढावर थांबून पुन्हा निघताना, ओल्या मातीतून बाहेर काढताना हा फायदा सगळ्यात जास्त जाणवतो. उतारावर त्याच गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंगही वाढतं, आणि ३ टन मागून ढकलत असताना मला ते फार मोलाचं वाटतं.

मात्र एक्सल बदलून इंजिनची ताकद वाढत नाही. लांब, तीव्र चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन इंजिन आधीच आपल्या कमाल हॉर्सपॉवरच्या आरपीएमजवळ फिरत असेल, तर ४.१० वरही फारसा जास्त वेग मिळणार नाही, कारण तिथे मर्यादा हॉर्सपॉवरची आहे. उंचावर तर साधं, टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. हे कुठलंही क्राउन-पिनियन भरून काढत नाही.

नव्या ८-१० गिअरांच्या गाड्यांत तर एक्सल बदलायची गरजच बरीच कमी झालीय. दहा गिअरांच्या बॉक्सचा पहिला गिअर ४.७० च्या आसपास असतो. ३.४२ च्या एक्सलला जोडला तरी एकूण गुणोत्तर १६ च्या वर जातं. तुमच्याकडे ४.१० टाकूनही ते १२.५ च होणार. म्हणून नवी गाडी असलेल्या कुणी ‘मी बदललं, काही फरक पडला नाही’ असं सांगितलं तर ते खरं असू शकतं, पण ते तुमच्या गाडीला लागू होत नाही.

ओढण्याच्या मर्यादेबद्दलही लोक हमखास घोटाळा करतात. कंपनी त्याच मॉडेलला ४.१० वर जास्त टोइंग क्षमता लिहिते हे खरं, पण त्या आकड्यात कूलर, स्प्रिंग, ब्रेक, हिच (ट्रेलर जोडायचा हुक), एक्सलची भारक्षमता असं सगळं धरलेलं असतं. ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एसएई जे २८०७ या मानकात गाडीला १२ टक्के चढावर पुन्हा पुन्हा थांबून उठावं लागतं, आणि ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या लांब चढावर एसी चालू ठेवून ठरावीक वेगाच्या खाली न जाता चढावं लागतं. फक्त क्राउन-पिनियन बदलून तुमची गाडी त्या परीक्षेला बसलेली होत नाही. दारावरच्या स्टिकरवरची वजनं तीच राहतात. ती ओलांडू नका.

गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर पुढचा एक्सलही त्याच रेशोचा करावा लागेल. पुढे ३.४२ आणि मागे ४.१० ठेवून फोर-व्हील टाकलं तर दोन्ही एक्सल एकमेकांविरुद्ध झगडतात आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) तुटू शकते. खर्चाचा अंदाज दोन एक्सलचा धरा.

सुटे भाग घेण्याआधी एक्सल नक्की कोणता आहे आणि आत खरंच ३.४२ आहे का, ते तपासा. वापरलेल्या गाडीत आधीच्या मालकाने काय केलंय सांगता येत नाही. साधं ओपन डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने मोकळं फिरू देणारं) असेल तर पुढची चाकं अडवून, मागचं एकच चाक स्टँडवर उचलून, गिअर न्यूट्रलला ठेवून ते चाक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. तोच रेशो. क्राउन ज्यावर बसतं ती केससुद्धा रेशोनुसार बदलावी लागू शकते. पिनियन लहान झालं की क्राउन त्याच्याकडे सरकावं लागतं. उदाहरणार्थ, डाना ४४ या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक केस आणि ३.९२ पासून दुसरी. डाना ६० मध्ये ही सीमा ४.१० आणि ४.५६ यांच्या मध्ये आहे. तुमच्या एक्सलची सीमा कुठे आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर गाडी उघडी पडलेली असताना पार्टची वाट बघत बसावं लागेल.

आता खरं काम. पिनियनची खोली, पिनियन बेअरिंगचं प्रीलोड (बसवतानाच दिलेला ताण), बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि बाजूच्या बेअरिंगचं प्रीलोड ही चार मापं जमली तर क्राउन-पिनियन गाडीइतकं टिकतं. बॅकलॅश बऱ्याच एक्सलमध्ये ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो, तो डायल गेज लावूनच बघतात. हाताने हलवून ‘बरोबर वाटतंय’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. क्रश स्लीव्ह (आवळताना चेपली जाणारी नळी) असेल तर नट आवळताना पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते दर थोड्या वेळाने मोजावं लागतं. एकदा जास्त आवळला गेला की नट मागे घेऊन चालत नाही, नवी स्लीव्ह घालून पुन्हा सुरुवात करायची.

मग दातांना पिवळी मार्किंग पेस्ट लावायची, क्राउनला थोडा अडथळा देत ते फिरवायचं आणि ठसा बघायचा. पेस्ट बाजूला सरून दाताच्या मधोमध, वरच्या कडेपासून आणि बुडापासून सारख्या अंतरावर लांबट अंडाकृती डाग दिसला की जमलं. डाग दाताच्या बुडाशी गेला असेल तर पिनियन जास्त खोल बसलंय, वरच्या कडेला गेला असेल तर उथळ. शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलायचे, पुन्हा जोडायचं, पुन्हा ठसा. मिलिमीटरच्या वीसाव्या भागाच्या शिमनेसुद्धा डाग सरकतो. मी स्वतः हा ठसा पटल्याशिवाय कव्हर लावत नाही. तुम्हीही काम करणाऱ्याकडे ठशाचा फोटो मागा. चांगला मेकॅनिक तो आनंदाने देतो. बेअरिंग आणि सील नवेच टाका, जुने ठेवून वाचणारे पैसे पुढे दुप्पट जातात.

वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर असेल तर ४.१० नंतर स्पीडोमीटर खोटा वेग दाखवेल आणि गिअरही चुकीच्या वेगाला पडतील. कॉम्प्युटरमध्ये नवा रेशो आणि ३३ इंची टायर, दोन्ही भरून घ्या. ट्रेलरशिवाय फिरताना पेट्रोल थोडं जास्त लागेल, हेही धरून चाला.

ट्रेलर लगेच जोडू नका. सुरुवातीला १५-२० मिनिटं सावकाश चालवा आणि एक्सल पूर्ण गार होऊ द्या, असं काही वेळा करा. पहिले ८०० किलोमीटर ओझं नको. त्यानंतर तेल बदला, आणि जीएल-५ दर्जाचं, कंपनीने टोइंगसाठी सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक घसरत फिरू न देणारं) असेल तर त्याचं ॲडिटिव्हही लागतं का ते बघा. जुनं तेल काढाल तेव्हा चुंबकावर राखाडी, मऊ लेप दिसेल, तो चालतो. बोटाला टोचतील असे तुकडे लागले, किंवा ॲक्सिलरेटर देताना वा सोडताना घुईऽऽ असा आवाज येत असेल, तर ट्रेलर न जोडता गाडी परत त्याच मेकॅनिककडे न्या आणि ठसा पुन्हा तपासायला सांगा.