गोड बोलणाऱ्या नर्सला बर्नआउट होत नाही का?

तुम्ही विचारलंय, भाची नुकतीच जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालीय, वाशीत नोकरी लागतेय, संवादकौशल्याचा कोर्स करून घेतला तर पुढे बर्नआउट, म्हणजे कामाने आतून पार रिकामं होणं, टळेल का. मी बारा वर्षं नवी मुंबईतल्या वॉर्डांत काढलीत आणि बोलण्यावरूनच एकदा मेमो खाल्लाय, म्हणून लिहितेय.

रात्रपाळी. २२ पेशंट, आम्ही दोघी. एका आजोबांची शीर सापडेना, तिसऱ्यांदा टोचत होते. तेवढ्यात नऊ नंबरच्या पेशंटचा मुलगा मागून खांद्यावर टकटक करायला लागला, "सिस्टर, सलाईन संपलं, नळीत रक्त चढतंय!" मी वळून म्हटलं, "दादा, मला हात दोनच आहेत." झालं. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर द्यायच्या आधीच मेट्रनच्या, म्हणजे मुख्य नर्सच्या, केबिनमध्ये. "तुला बोलायची रीतच नाही." त्याच आठवड्यात ट्रेनिंग लावलं: हसा, नाव सांगा, नजरेला नजर द्या. पेशंट मात्र २२चे २२च. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या, म्हणजे मेडिकल कॉलेजचं नसलेल्या, हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात पाचांमागे एक नर्स असा आहे.

माझ्या जोडीला साताऱ्याची एक होती, जिभेवर साखर. नातेवाईक तापला की सगळे तिलाच पुढे करायचे, डॉक्टरसुद्धा. बिल वाढलं, हिला बोलवा. बॉडी मिळायला उशीर, हिला बोलवा. सगळ्यांत आधी तीच नोकरी सोडून गेली. आता ठाण्यात विमा कंपनीत क्लेमच्या फायली बघते, म्हणते, कागद ओरडत नाहीत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांची १९८१ची बर्नआउट मोजायची प्रश्नावली आहे. त्यात थकव्याबरोबर समोरचा माणूस माणूस वाटेनासा होणं हेही मोजतात. वर मीच 'नऊ नंबर' लिहिलंय, बघा.

कोर्स वाईट असतो असं नाही, भाचीला करू दे. पण मला उपयोगी पडलं ते आमच्या वॉर्डातल्या मावशींनी शिकवलेलं: नुसतं "येते" म्हणायचं नाही, "दहा मिनिटं" म्हणायचं आणि नवव्या मिनिटाला बेडपाशी दिसायचं. अर्थात पाचच पेशंट असतील तर हे जमतं. म्हणून मुलाखतीत तिला एवढं विचारायला लावा, नाईटला एका सिस्टरकडे किती पेशंट? "ॲडजस्ट करावं लागतं" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

आणि मेट्रन मॅडम वाचत असतील तर, आजोबांची शीर चौथ्या वेळी सापडली होती. मेमोत ते नव्हतं.