रकाना भरताना

पोरी,

तुझ्या अर्जाची प्रिंट पाहिली. वडिलांच्या व्यवसायापुढे 'शेती' लिहिलंयस. किती एकर गं? दिवाळी झाली की बाप कोयता घेऊन फडावर जातो, मुकादमाची उचल फेडतो, आणि तू लिहितेस शेती. वर मला विचारतेस, मुलाखतीत मागचं काढलं तर काय सांगू?

जे आहे ते सांग. नुसतं सांगू नकोस, कामाला लाव.

क्रूझ रेनोसो हे नाव तू ऐकलं नसशील. 1931 चा जन्म, कॅलिफोर्नियातल्या शेतमजुराच्या अकरा पोरांतला एक, संत्री तोडत वाढलेला. वस्तीवर टपाल येत नव्हतं, तर शाळकरी वयात सह्या गोळा करून पठ्ठ्यानं थेट वॉशिंग्टनला अर्ज धाडला. टपाल सुरू झालं! पुढे वकील झाला तो शेतमजुरांचाच. 1982 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टावर गेला (तिकडे प्रत्येक राज्याचं वेगळं असतं), तिथला पहिला लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचा, न्यायमूर्ती.

1984 चा त्याचा एक निकाल वाच. खुनाचा खटला, आरोपीला इंग्रजी येत नाही, येते ती रेनोसोच्याही घरची स्पॅनिश. त्याला दिलेला दुभाषी कोर्टानं सरकारी साक्षीदारांसाठी उसना घेतला. साक्ष चालू, आणि ज्याच्यावर खटला तोच बहिरा. शिक्षा रद्द झाली. बापाची भाषा लपवणाऱ्याला हे दिसलं असतं का?

मला दिसलं होतं. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी पिंजऱ्यात एक लमाण बाई उभी होती. साहेब विचारत होते, ती नुसती मान हलवत होती. गोरमाटी माझी घरची बोली. पण बाररूममध्ये माझा तांडा कुणाला ठाऊक नव्हता. मी फायलीत डोकं घालून बसलो. त्या दिवसाचा रोजनामा पुन्हा काढून पाहायची हिंमत आजवर झालेली नाही.

काळच तसा होता. जात कळली की पक्षकार परत जायचे, घरात दोन पोरं होती. माझ्या जागी कुणीही... असो. तुझ्यापुढे कशाला वकिली करू?

आणि हो, 1986 मध्ये मतदारांनी रेनोसोला घरी बसवलं (तिकडे न्यायमूर्तींना ठेवायचं की नाही यावरही मतदान होतं). फाशीच्या शिक्षेवरून रान उठलं होतं, त्याच कोर्टाच्या सरन्यायाधीश रोझ बर्डही गेल्या. तो नंतर पोरांना कायदा शिकवत राहिला. मागचं त्यानं तेव्हाही लपवलं नाही. लपवायचं नाही, किती वेळा सांगू?

त्या रकान्याभोवती पेन्सिलीनं गोल केलाय. भरण्याआधी बापाला फोन लाव, यंदा कुठल्या कारखान्याला गेलाय ते विचार. तुला माहीत नसणार.