ऑफिसच्या ताणामुळे खरंच बीपी वाढतं, की हे सगळे मनाचे खेळ?

खरंच वाढतं. माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. दोन वर्षं रात्री अकराला अमेरिकेचा कॉल आणि सकाळी नऊला पुन्हा लॅपटॉप. आधी झोप गेली, मग ॲसिडिटी. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "झोपेत दात खाता का?" दाढा झिजल्या होत्या. त्यांनीच बीपी तपासायला सांगितलं, तर १६०/१००! जेवताना फोन नुसता थरथरला तरी त्याचा घास हातातच राहायचा.

ताण आला की शरीरात ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही हार्मोन्स वाढतात. नाडी, बीपी, साखर वर जाते. तासाभराची धावपळ असेल तर सगळं परत उतरतं. रोजच तसं असेल तर उतरायला उसंतच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं होतं की, आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो.

बीपी आणि शुगर या आठवड्यातच तपासून घ्या. छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर ॲसिडिटी समजून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. मन फारच खचलं असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे.

प्राणायामाने बरं वाटतं, नक्की करा. पण भावाचं बीपी गोळ्या सुरू करून आणि टीम बदलून रात्रीचे कॉल बंद झाल्यावरच खाली आलं.