महामारीच्या पहिल्या काही आठवड्यांत रोजचं जगणं आणि समाज नेमका कसा बदलतो?

तुम्ही लिहिलंय की 2020 मध्ये तुम्ही शाळेत होतात, सुट्टी आणि मोबाइलवरचे वर्ग एवढंच आठवतं, आता त्या काळावर कथा लिहायला घेतलीये आणि सुरुवातीच्या दिवसांत मोठ्यांच्या जगात काय काय बदलत होतं ते हवंय. मी डॉक्टर वगैरे नाही. गोदामातल्या स्टॉकचं प्लॅनिंग बघतो, म्हणजे कुठला माल किती आणि कधी मागवायचा ते. त्यामुळे माझं उत्तर थोडं मालाच्या बाजूने झुकलेलं असणार, पण कथेला उपयोगी पडावं.

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवातीचे कितीतरी दिवस काहीच बदलत नाही आणि मग चार-पाच दिवसांत सगळंच बदलतं. कथांमध्ये हळूहळू वातावरण गडद होत जातं, तसं काही नसतं. वुहानमधल्या न्यूमोनियाची खबर जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत 31 डिसेंबर 2019 ला पोचली होती, 23 जानेवारीला ते सुमारे 1 कोटी 10 लाख लोकांचं शहर बंद झालं, 30 जानेवारीला संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, आणि महामारी म्हणायला 11 मार्च उजाडला. म्हणजे सगळं उघड होतं, रोज टीव्हीवर होतं, तरी मधल्या काळात जगातल्या बहुतेक शहरांत लोक ऑफिसला जात होते, मॅच बघत होते, सुट्टीची तिकिटं काढत होते. बातमी होती पण ती तिकडची होती.

याला नुसता निष्काळजीपणा म्हणून मोकळं होता येत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला कोव्हिडमध्ये साधारण पाच-सहा दिवस लागायचे, कधी चौदापर्यंत, मग तब्येत बिघडून हॉस्पिटल गाठेपर्यंत आणखी काही दिवस, त्यात टेस्टचा रिपोर्ट कधी येईल ते वेगळंच. म्हणजे आज जो आकडा दिसतो तो दहा-पंधरा दिवसांपूर्वी जे घडलं त्याचा असतो. आणि रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होत असतील तर आजचे 100 तीन आठवड्यांत 12,800 होतात. हे गणित कागदावर कुणालाही येतं, पण खिडकीतून बाहेर बघितलं की रस्ता कालच्यासारखाच दिसतो, मग डोकं खिडकीवर विश्वास ठेवतं. म्हणून जो वेळेवर काही बंद करतो तो त्या दिवशी घाबरट ठरतो, आणि त्याचं बरोबर आलं तरी नंतर लोक म्हणतात की बघा काही झालं नाही, उगाच बंद केलं. माझ्या मते त्या दिवसांतली सगळी भांडणं, घरातली ऑफिसातली आणि सरकारमधलीसुद्धा, शेवटी याच एका गोष्टीवर येतात की जे अजून दिसत नाहीये त्यासाठी आज काय काय सोडायचं. कथेचा संघर्ष शोधत असाल तर तो इथे आहे, व्हायरसमध्ये नाही.

याचं जुनं उदाहरण म्हणजे 1918 चा फ्लू. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात साथ शिरलेली होती, डॉक्टर सांगत होते, तरी युद्धासाठी कर्जरोखे विकायचे म्हणून 28 सप्टेंबरला परेड झालीच, दोन लाखांच्या आसपास लोक रस्त्यावर, आणि तीन दिवसांत शहरातल्या हॉस्पिटलांत खाटा उरल्या नाहीत. सेंट लुईसने मात्र पहिले रुग्ण सापडल्यावर दोन-तीन दिवसांत शाळा, थिएटरं, चर्च सगळं बंद केलं, व्यापाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि तिथला मृत्यूंचा शिखरबिंदू फिलाडेल्फियाच्या मानाने खूपच खाली राहिला.

आता रोजच्या जगण्याचं. पहिला बदल हातांत होतो, नियम यायच्या आधी. दाराचं हँडल, जिन्याचा कठडा, लिफ्टचं बटण, ज्या वस्तू आयुष्यात कधी जाणवल्या नव्हत्या त्या अचानक जाणवायला लागतात. त्या दिवसांत एक गृहस्थ लिफ्टमध्ये खिशातलं पेन काढून त्याच्या टोकाने बटण दाबायचे, मग पेनाकडे क्षणभर बघायचे, आता याचं काय करायचं, आणि परत खिशात ठेवायचे. दुसरी गोष्ट खोकला. चारचौघांत खोकला आला की माणूस तो गिळायला बघायचा, डोळ्यांत पाणी यायचं, चेहरा लाल, आणि शेवटी सुटलाच तर कुणी विचारायच्या आत खुलासा, ठसका लागला, फक्त ठसका. बाजूचे हसून मान डोलवायचे आणि अर्धं पाऊल मागे सरकायचे. ते अर्धं पाऊल मागे सरकणं कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

आणि हे खरंच आहे की लोक हुकमाची वाट बघत नाहीत. अमेरिकेत मोबाइलच्या लोकेशनच्या डेटावर जे अभ्यास झाले त्यांत दिसलं की दुकानांतली ये-जा सरकारी आदेश यायच्या आधीच बरीच खाली आली होती. आदेशाने भर पडली, पण मोठी घसरण भीतीने आधीच केली होती. त्यामुळे कथेत एका रात्रीत सायरन वाजला आणि सगळे घरात गेले असं दाखवू नका, काही जण आधीपासून घरात असतात आणि काही जण आदेशानंतरही बाहेर.

आता माझा प्रांत, रिकामी शेल्फं. यावर लोक फार चुकीचं बोलतात, साठेबाज, हावरट, स्वार्थी वगैरे. काही असतात तसे. पण शेल्फ रिकामं व्हायला हावरट माणूस लागतच नाही. समजा एका दुकानातून शंभर घरं आठवड्याला एकेक पॅक नेतात आणि दुकान सव्वाशे ठेवतं. त्यातल्या तीस घरांनी, आपलं असू दे म्हणून, फक्त एक पॅक जास्त घेतला की शेल्फ साफ. त्यातला प्रत्येक माणूस शहाण्यासारखाच वागला. मग कुणीतरी त्या रिकाम्या शेल्फचा फोटो टाकतो, तो फोटो बघून उरलेली सत्तर घरं निघतात, आणि आता त्यांचंही वागणं चूक म्हणता येत नाही कारण माल खरंच संपायला लागलेला असतो. दुकानदार घाबरून दुप्पट ऑर्डर टाकतो, त्याचा वितरक चौपट, कारखान्याला वाटतं मागणी आकाशाला भिडली. आमच्यात याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात, चाबकाची मूठ जराशी हलते आणि टोक सणकन फिरतं. दीड-दोन महिन्यांनी तोच माल गोदामात पडून असतो आणि कुणी विचारत नाही.

दुसरं कारण त्याहून मजेशीर आहे. माणूस तोच, त्याची गरज तेवढीच, पण तो दिवसभर ऑफिसात नसून घरी आहे, म्हणजे त्याचा वापर एका सप्लाय लाइनवरून दुसरीवर गेला. टॉयलेट पेपरचं हेच झालं, ऑफिसांना आणि हॉटेलांना जाणारे मोठे रोल वेगळ्या मशीनवर, वेगळ्या पॅकिंगमध्ये बनतात, घरगुती वेगळे. ब्रिटनमध्ये पिठाचा तुटवडा झाला तेव्हा गिरण्यांत पीठ भरपूर होतं, पण तिथल्या एकूण पिठातलं जेमतेम 4 टक्के दुकानांतून छोट्या पिशव्यांत विकलं जातं, बाकी बेकऱ्यांना आणि कारखान्यांना पोत्यांनी आणि टँकरने. छोट्या पिशव्या भरायच्या मशीनच कमी, त्या रात्रंदिवस चालवल्या तरी पुरेनात. एकीकडे पीठ पडलंय, एकीकडे शेल्फ रिकामं, आणि मध्ये अडलंय काय तर पिशवी! मला आजही वाटतं की या काळाबद्दल एकच गोष्ट समजून घ्यायची असेल तर ही घ्यावी, पण माझा धंदाच तो आहे तेव्हा सोडून द्या.

मग समाजाचे दोन तुकडे पडतात आणि हे पहिल्याच आठवड्यात होतं. ज्यांचं काम लॅपटॉपवर मावतं ते घरी, आणि ज्यांचं मावत नाही ते एकतर बाहेर किंवा बेकार. घरी बसलेल्यांना घरी बसता यावं म्हणून कुणीतरी गाडी चालवत असतं, माल उतरवत असतं, कचरा उचलत असतं. त्यांना एकदम अत्यावश्यक वगैरे म्हणायला लागतात, पगार तोच. बाल्कनीत उभं राहून डॉक्टर-नर्ससाठी टाळ्या वाजल्या, इटली, स्पेन, ब्रिटन, सगळीकडे, आणि त्याच दिवसांत काही ठिकाणी नर्सना घरमालक खोली रिकामी करा म्हणत होते. ही दोन वेगळी माणसं असतात असं समजू नका.

बातमी फुटली की पळापळ होते हेही पक्कं. वुहान बंद व्हायच्या आधी सुमारे 50 लाख लोक शहराबाहेर गेल्याचं तिथल्या महापौरांनीच सांगितलं होतं, त्यात चिनी नववर्षाच्या सुट्टीला निघालेलेही होतेच. इटलीत 7 मार्चला उत्तरेकडचा भाग बंद करायच्या आदेशाचा मसुदा फुटला आणि त्याच रात्री मिलानच्या स्टेशनवर दक्षिणेकडच्या गाड्या पकडायला लोक धावले. 1896-97 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाही काही महिन्यांत शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती निघून गेली होती. पळणारा माणूस स्वतःला पळणारा समजत नाही, तो फक्त आपल्या माणसांत चाललेला असतो.

अफवांबद्दल थोडं. माहिती कमी आणि रिकामा वेळ भरपूर, म्हटल्यावर दुसरं काय होणार. इराणमध्ये दारूने विषाणू मरतो या समजातून लोक मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल प्यायले आणि शेकडो मेले, ब्रिटनमध्ये 5जी मुळे रोग पसरतो म्हणून टॉवर जाळले. फॉरवर्डवर सगळं खापर फोडू नका मात्र, मोबाइल नव्हते तेव्हाही हेच होतं. 1832 च्या कॉलऱ्यात लिव्हरपूलमध्ये डॉक्टरच चिरफाडीसाठी रुग्ण मारतात म्हणून दंगे झाले. आणि 1349 मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूंनी विहिरींत विष घातलं म्हणून शेकडो ज्यूंना जाळलं, तेव्हा प्लेग त्या शहरात पोचलासुद्धा नव्हता. रोगाच्या आधी आरोपी येतो. त्यामुळे तुमच्या कथेत नवीन राहायला आलेलं किंवा नुकतंच बाहेरगावाहून आलेलं एखादं पात्र असेल तर त्याला पहिल्याच आठवड्यात लोक कसं बघतात ते जरूर लिहा.

घरातलं मी थोडक्यात सांगतो कारण ते घरागणिक वेगळं होतं. वार कुठला ते कळेनासं होतं. ज्या घरात आधीच तणाव होता तिथे दार बंद झाल्यावर तो वाढला, घरातली हिंसा इतकी वाढली की संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस यांना 5 एप्रिल 2020 ला त्यावर वेगळं आवाहन करावं लागलं. ज्या घरात सगळं बरं होतं तिथे लोक एकमेकांना नव्याने वैतागले, एवढंच. आणि बाहेर इतकी शांतता झाली की जगभरच्या भूकंपमापकांना माणसाच्या हालचालींनी होणारी जमिनीची थरथर काही ठिकाणी निम्म्यापर्यंत कमी झालेली दिसली. अंत्यविधीला मोजकी माणसं, बाकीच्यांनी फोनच्या स्क्रीनवर बघायचं, यावर मी जास्त लिहीत नाही, ज्यांच्या घरी झालं त्यांना विचारा, ते सांगतात.

शेवटी कथेसाठी दोन कामाच्या गोष्टी, कारण या बऱ्याच जणांच्या चुकतात. एक म्हणजे मास्क. पूर्व आशियातली गोष्ट वेगळी, पण बाकी बऱ्याच देशांत पहिल्या आठवड्यांत धडधाकट लोकांनी मास्क घेऊ नका, डॉक्टरांना कमी पडतील, असंच सांगत होते. अमेरिकेने 3 एप्रिलला सल्ला बदलला, जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांसाठी 5 जूनला. तेव्हा फेब्रुवारीतल्या प्रसंगात सगळ्यांच्या तोंडावर मास्क दाखवलात तर वाचणारा तिथेच थांबेल. दुसरी गोष्ट तारखा. फ्रान्स आणि स्पेनने पंधरा दिवस म्हटलं होतं, ब्रिटनने तीन आठवडे, भारताने 21 दिवस, इटलीने 3 एप्रिलपर्यंत. लोक त्या हिशेबाने जगत होते, लग्नं पुढच्या महिन्यावर ढकलत होते, दाताच्या डॉक्टरची वेळ दोन आठवड्यांनंतरची घेत होते, ऑफिसातल्या टेबलावर पाण्याची बाटली आणि कुंडी तशीच ठेवून निघाले होते. तुमच्या पात्रांना पुढचं काही माहीत नसू दे, त्यांना खुशाल एप्रिलच्या तारखा घेऊ दे.