'मध्यावधी' कोणाचा आणि 'सत्तापालट' कोणता?

अमेरिकेतील 2018 च्या मध्यावधी निवडणुकीत प्रतिनिधिगृहाचे बहुमत रिपब्लिकन पक्षाकडून डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले, त्याला मराठीत 'सत्तापालट' म्हणावे काय, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. म्हणू नये. मात्र त्या वाक्यातील 'मध्यावधी' हा शब्द वाचकाने सहज गिळला, याचेच मला अधिक नवल वाटते.

आपल्याकडे 1971 ची लोकसभा निवडणूक किंवा शरद पवार यांचे 'पुलोद' (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झाल्यानंतरची महाराष्ट्राची 1980 ची निवडणूक 'मध्यावधी' म्हणवली जाते, कारण सभागृह मुदतीआधी विसर्जित झालेले असते. अमेरिकेत असे काहीच घडत नाही. तेथील प्रतिनिधीची दोन वर्षांची मुदत ठरल्या दिवशी पूर्ण भरते. मध्य असतो तो राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांचा, आणि तो तर त्या दिवशी उमेदवारही नसतो.

'अवधी' म्हणजे काळ, एवढे सांगून थांबणाऱ्या शुद्धलेखनपंडितांना या शब्दाची खरी गंमत कळलेलीच नाही. अव + धा, म्हणजे जागी बसवणे. त्यातून 'अवधि' म्हणजे सीमा. जैन दर्शनातील 'अवधिज्ञान' म्हणजे मर्यादा असलेले ज्ञान, काळाचे ज्ञान नव्हे. त्याच 'धा' धातूपासून निधी, संधी आणि 'विधी' हे शब्द आले, म्हणजे विधिमंडळ आणि त्याचा अवधी हे सख्खे भाऊबंद ठरतात! उलट 'मुदत' अरबीतून आली आणि तिच्या मुळाशी ताणणे, लांबवणे हा अर्थ आहे. 'वर्षाचा अवधी दिला' यांसारख्या वाक्यांत वर्षाअखेरीस रोवलेली खूण हळूहळू त्या खुणेपर्यंतचे सारे वर्ष व्यापून बसली आणि अवधी मुदतीच्या अर्थाला येऊन मिळाला, असे माझे मत आहे. ते कोणाला पटत नसेल, तर त्याने सीमेपासून काळापर्यंतचा दुसरा मार्ग दाखवावा. म्हणूनच आपल्याकडील निवडणुकीला 'मुदतपूर्व' म्हणावे आणि 'मध्यावधी' हा शब्द अमेरिकेसाठी राखून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. 'रूढी बलीयसी' हे त्यावर नेहमी मिळणारे उत्तर मला मान्य नाही, कारण एकाच शब्दाने दोन विरुद्ध गोष्टी सांगणारी रूढी वाचकाची दिशाभूल करते.

राहिला 'सत्तापालट'. 2018 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला 435 पैकी 235 जागा मिळाल्या, परंतु सिनेट रिपब्लिकन पक्षाकडेच राहिली आणि ट्रम्प जानेवारी 2021 पर्यंत पदावर होते. प्रतिनिधिगृहाने डिसेंबर 2019 मध्ये त्यांच्यावर महाभियोग चालवण्याचा ठराव संमत केला, तर सिनेटने पुढच्या फेब्रुवारीत त्यांना दोषमुक्त केले. सत्ता अशी दोन्हीकडे वाटलेली असताना 'प्रतिनिधिगृहात बहुमत पालटले' एवढेच लिहावे.